नऊ एकरांचा लेआऊट आणि मधून जाणारं लवण

प्रश्न थोडक्यात असा. वर्धा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला लागून घरचं ९ एकर कोरडवाहू वावर आहे. गावाची वस्ती वाढत वाढत शेजारच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) आली. सातबाऱ्यावर वडील आणि दोन काका. वावरात एक जुनी विहीर, मधून पावसाळ्यात वाहणारं लवण (उथळ ओढा), जायला-यायला पांधण (पाणंद). एका दलालाने कागदावर २६१ प्लॉट पाडून दाखवले आणि "अर्धे तुमचे, अर्धे माझे" म्हणाला. भाऊंचं विचारणं असं, की स्वतःच लेआऊट टाकावा का? आणि टाकायचाच तर मोठ्या शहरातल्या आधुनिक वसाहतीसारखा करायला सुरुवात कुठून करायची?

मी २८ वर्षं लेआऊटची आखणी करतो. चेन-टेपवर शिकलो, आता ड्रोन उडवतो. लांब लिहितो आहे, सवडीने वाचा.

आधी ते २६१. एकराचे ४३,५६० चौरस फूट, गुणिले ९, भागिले १,५०० (३० बाय ५० चा प्लॉट). बरोबर २६१ येतात. म्हणजे दलालाने प्लॉट पाडताना रस्ता ठेवलाच नाही, पहिला प्लॉट ओलांडून दुसऱ्यात जायचं! खरा हिशेब असा. तुमची जागा ३६,४०० चौरस मीटरच्या आसपास. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआऊटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ३,६०० गेले. सुविधा क्षेत्र (शाळा-दवाखान्यासारख्या सोयींची जागा) किती, ते तुमची जमीन नेमकी कुठल्या हद्दीत येते त्यावर ठरतं, मी ५ टक्के धरतो, म्हणजे १,८०० गेले. रस्त्यात २५ ते ३० टक्के जातात, कारण राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीत रस्ता जितका लांब तितका रुंद लागतो. हे सगळं वजा करून हाती २१,००० चौरस मीटर राहतात. १,५०० फुटांचे दीडशे प्लॉट, त्यातही कोपऱ्यांचे वाकडे-तिकडे निघतील. दीडशेच्या वर कोणी आकडा सांगितला तर नकाशा मागा आणि त्यात रस्ते स्केलने मोजा.

आता कागद. यात मी फार रमत नाही, पण चार गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आजोबांच्या वारसांत आत्या आहेत का? २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा सोडून लेआऊट टाकलेल्यांना पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्यात. त्यांची नावं चढवा, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोड घ्या. राखीच्या दिवशी तोंडी झालेलं "माझं काही नाही बाप्पा" रजिस्ट्रीत चालत नाही. दुसरं, जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी), आणि मुळात भूदानची तर नाही ना? विनोबांचं पवनार आपल्याच जिल्ह्यात, भूदानचे तुकडे इथे जागोजाग सापडतात. तिसरं, जुन्या नोंदीत कुठे "झुडपी जंगल" (खुरट्या झुडपांची जमीन) लिहिलंय का? पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, त्यात वर्धाही आला, हा शब्द जड आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानाव्यात असा निकाल दिला. तुमच्या खसऱ्यात नसेल, पण पांधणीच्या तोंडाशी असेल तर रस्ता अडतो. म्हणून निस्तार पत्रकही (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) काढून बघा. चौथं, अकृषक, म्हणजे शेतीची जमीन दुसऱ्या वापरात आणणं. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असाल आणि झोन रहिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली वेगळ्या परवानगीची गरज पडत नाही, ठरलेली रक्कम भरून काम होतं. याचा अर्थ लेआऊटची मंजुरीही नको असा काही जण लावतात. तो साफ चुकीचा. नगररचनेची मंजुरी लागतेच. गावात ज्याला "एन.ए.टी.पी." म्हणतात त्यातलं "टी.पी." ते हेच.

दलाल म्हणेल, "टाका प्लॉट, मागून गुंठेवारीत नियमित होते." गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासापुरती वाढली. तुमचा लेआऊट अजून जन्मला नाही. नागपुरात "५७२" आणि "१९००" म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळतं, इतके ते, संख्येवरूनच ओळखले जाणारे लेआऊट प्रसिद्ध. मंजुरीशिवाय पडलेले प्लॉट, मागून नियमित करायची धावपळ, आर.एल.साठी (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी) वर्षानुवर्षं चकरा. त्यातल्या कित्येक ठिकाणी एका लेआऊटचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीवर जाऊन आदळतो. तो खर्च मालकाने दिला नाही, ज्यांनी पै-पै जोडून प्लॉट घेतला त्यांनी दिला.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचा शब्द "लवण" आहे, आणि तुम्ही तो विहिरीनंतर, जाता जाता लिहिलात. दलालाच्या नकाशात तो नसणारच.

माझी स्वतःची चूक सांगतो. नव्वदच्या दशकात, नवशिका असताना, एका गावाच्या कडेला सहा एकरांचा लेआऊट केला. मधून असंच लवण तिरपं जात होतं. मालक म्हणाला, चार प्लॉट वाया जातात. मी ते पाणी धुऱ्याधुऱ्याने नालीत फिरवलं, दोन काटकोनी वळणं देऊन. नकाशा दिसायला असा सुंदर, की मी त्याची प्रत घरी भिंतीवर लावली होती. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी ऑगस्टात रात्री पाऊस झाला. पाण्याने पहिलं वळण घेतलं नाही. कंपाउंडची भिंत आडवी करून ते आपल्या जुन्या वाटेने सरळ गेलं आणि त्या वाटेवर एका निवृत्त गुरुजींचं स्वयंपाकघर होतं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ओट्याच्या वर हातभर चिखलाची रेघ होती. तांदळाची कोठी अंगणात उलटी वाळत घातलेली. गुरुजी रागावले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही नाला कागदावर हलवला, पण पाण्याले कोनं सांगतलंच नाही."

तेव्हापासून मी वेगळ्या क्रमाने आखतो. सगळ्यात आधी नकाशावर ती जागा रंगवतो जी विकायची नाही. पाण्याची वाट, विहीर, उंच झाडं, विजेच्या तारेखालचा पट्टा. मग रस्ते. प्लॉट सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत.

तुमच्या ९ एकरांवर तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतो, तर घरं-रस्ते झाल्यावर त्यातलं साठेक टक्के पाणी जमिनीत न जाता वाहणार. हे सेकंदाला ३०० लिटर झालं, म्हणजे दर सेकंदाला दीड ड्रम. आणि हे फक्त तुमच्या वावरातलं. लवणात वरच्या शेतकऱ्यांचंही येतं, ते किती हे वरचं पाणलोट मोजल्याशिवाय कळत नाही. दोन फुटांच्या नालीत हे मावत नाही. म्हणून १० टक्के खुली जागा एका कोपऱ्यात टाकू नका, लवणाच्या अंगाअंगाने लांब पट्टा करा. एवढी काळजी घ्या की तो पट्टा फार चिंचोळा झाला तर खुली जागा म्हणून मंजूर होत नाही, किमान मापं असतात. मधोमध पाणी जाईल, काठाने चालायची वाट, त्यापलीकडे झाडं. आठ महिने मुलं खेळतील, चार महिने पाणी. शहरातले आर्किटेक्ट याला मोठी नावं देतात. आपल्याकडे प्रत्येक जुन्या गावाने ओढ्याचा काठ मोकळा ठेवलेलाच असायचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तिथली घरं काही झोपडपट्टीतली नव्हती. चांगली मंजूर, महागडी घरं होती.

यात तुमचा एक सल्लागार फुकट आहे, वडील. त्यांना विचारा, कुठल्या ओळीत पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडते, तूर कुठे मर धरते, डवरा कुठे फसतो, आणि मार्चमध्ये कुठला पट्टा सगळ्यात उशिरा वाळतो. मी टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून दोन दिवसांत जो समतल नकाशा काढतो, तो त्यांच्या पायात चाळीस वर्षांपासून आहे. माझा कंटूर आणि म्हाताऱ्याचं बोट जुळलं नाही, की मी माझी रीडिंग पुन्हा घेतो.

विहिरीचं. ती बुजवू नका, कोणी कितीही सांगो. बुजवलेल्या विहिरीवर प्लॉट पडतो, घेणाऱ्याला माहीत नसतं, आणि पाच वर्षांनी त्याच्या घराचा कोपरा खाली जातो. विहीर खुल्या जागेत घ्या, कठडा-जाळी करा, आणि मे महिन्यात पंप लावून ती किती तास चालते ते लिहून ठेवा. दीडशे घरं, घरी पाच माणसं, शहरी मापाने माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचं एक लाख लिटर पाणी. जलजीवनच्या ग्रामीण मापाने ५५ लिटर धरले तरी ४१ हजार. आपल्या काळ्या पाषाणात बोअरच्या भरवशावर एवढं पाणी बारमाही मिळेल असं मानू नका. २०१८ ला यवतमाळ शहराची पाण्यावाचून काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलं, निळोणा आणि चापडोह ही दोन धरणं असूनही. नगरपरिषदेच्या किंवा जीवन प्राधिकरणाच्या नळयोजनेशी जोडणी मिळेल का, हे लेखी घ्या. तोंडी "होते, होते" म्हणतात.

जेवढं पाणी आत, त्याचं ८० टक्के सांडपाणी बाहेर. इथे बहुतेक लेआऊट चुकतात. प्रत्येक प्लॉटला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवतात. काळ्या भारी मातीत शोषखड्डा शोषत नाही! पावसाळ्यात तो उलटा भरतो, मग लोक रात्री पाईप नालीत सोडतात, आणि दोन वर्षांत तुमची "ड्रीम सिटी" वास मारते. दीडशे घरांना एक सामाईक गटारवाहिनी आणि लवणाच्या खालच्या टोकाला, पुराच्या रेघेच्या वर, छोटं शुद्धीकरण करा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. खडीच्या वाफ्यात पाणवनस्पती लावून पाणी साफ करतात, वीज जवळजवळ लागत नाही. जागा लागते, ती आत्ताच राखून ठेवा. मागून मिळत नाही.

माती. काळी आहे ना? मग एक साधी चाचणी करून घ्या. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती मापाच्या दोन नळ्यांत घालतात, एकीत रॉकेल, एकीत पाणी, आणि २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही उंचींतला फरक म्हणजे तिचा फुगीरपणा. मी पहिल्यांदा एका मालकाला हे दाखवलं तेव्हा पाण्याच्या नळीतली माती जवळजवळ दुप्पट झाली होती. तो बराच वेळ नळी हातात धरून बसला, मग म्हणाला, "हे माह्या घराखाली आहे?" या चाचणीला इंजिनिअर लोक एफ.एस.आय. (फ्री स्वेल इंडेक्स) म्हणतात. चटईक्षेत्राच्या एफ.एस.आय.बद्दल प्रत्येक जण विचारतो, याबद्दल कोणी विचारत नाही. घर बांधणाऱ्यांना विक्रीच्या कागदासोबत मातीचा अहवाल द्या आणि सांगा, साध्या पायावर भिंती तडकतील. फुगीर मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या पाईल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) असतात, फुगवटा दांड्याच्या अडीचपट रुंद. त्या साधारण साडेतीन मीटरखाली, जिथे ओल वर्षभर सारखी असते, तिथे टेकवतात. नाहीतर मुरूम लागेपर्यंत खोदायचं.

रस्त्यालाही हीच माती नडते. कंत्राटदार काळी माती खोदून चर करतो, त्यात मुरूम भरतो, वरून डांबर. दिसायला झकास. पण दोन्ही बाजूंना चिकण माती, मध्ये सच्छिद्र मुरूम, म्हणजे तुम्ही लांबलचक टाकं बांधलं. पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं, पहिल्याच पावसाळ्यात रस्ता बसतो. मुरुमाचा थर दोन्ही बाजूंना नालीपर्यंत उघडा न्या, म्हणजे आतलं पाणी निघेल. रस्त्याची पातळी प्लॉटपेक्षा खाली ठेवा. आणि डांबर पडायच्या आधी प्रत्येक चौकात आणि दर तीन-चार प्लॉटनंतर रस्त्याखालून रिकामे पाईप आडवे टाकून ठेवा, पाणी, केबल, जे यायचं ते त्यातून जाईल. हा खर्च अगदीच किरकोळ. न टाकल्यास नवा रस्ता सहा महिन्यांत कसा फोडतात ते तुम्ही कुठल्याही गावात बघू शकता. मुरूम आणताना गौण खनिजाचा परवाना घ्या, ट्रॅक्टर पकडला गेला की दंड तुमच्या नावावर येतो.

पांधण गावनकाशात दुहेरी तुटक रेषेने आहे का ते बघा. असेल तर ती कायदेशीर गाडीवाट आहे, पण लेआऊटला तेवढी रुंदी पुरत नाही. इथे शेजाऱ्यांशी बोलावं लागेल, आणि बोलणारच असाल तर एक पाऊल पुढे जा. तुमचे ९, वरच्याचे ६, पलीकडच्याचे १२, असे एकत्र आखता आले तर लवण सरळ राहतं, मोठा रस्ता आरपार जातो, शाळेसाठी एक धड जागा निघते. तीन वेगळ्या लेआऊटांत तीन चिंध्या निघतात. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी ४०० हून जास्त एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमीन विकून बाजूला झाले नाहीत. आपल्याकडे तेवढी मागणी नाही, तेवढा पैसाही नाही, हे मी जाणून आहे. समृद्धी महामार्गाच्या नावाने जिल्ह्यात किती प्लॉट पडले आणि त्यांत किती ठिकाणी अजून तूरच उभी आहे, तुम्हीही पाहता. पण तीन भाऊबंद धुरे जुळवून एकच नकाशा मंजूर करू शकतात. निदान तुमचा मुख्य रस्ता शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत नेऊन उघडा सोडा. तिथे प्लॉट पाडू नका.

उन्हाचं लोक विसरतात. आपल्याकडे गिऱ्हाईक पूर्वमुखी प्लॉट मागतं, म्हणून सगळे उत्तर-दक्षिण रस्ते आखतात. हरकत नाही. पण मग अर्धे प्लॉट पश्चिममुखी होतात आणि मे महिन्यात चार वाजता त्यांचं दार तव्यासारखं तापतं. उपाय सोपा आहे. त्या रस्त्यांच्या पूर्वेच्या कडेला, पश्चिममुखी घरांच्या समोर, कडुनिंब आणि करंज लावा, आणि विजेचे खांब पलीकडच्या कडेला न्या. महावितरणला खांब कुठे हवेत हे तुम्ही आधी सांगितलंत तर ऐकतात. नंतर झाडंच छाटली जातात. झाडं रस्त्याच्याही आधी लावा. प्लॉट विकेपर्यंत ती डोक्याएवढी झालेली असतील, आणि खरं सांगतो, त्याने भाव वाढतो.

विक्रीबद्दल दोनच गोष्टी. एकूण जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असली की रेरा (स्थावर संपदा नियमन कायदा) नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही, व्हॉट्सॲपवरचीही नाही. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. घेतलेल्यातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, त्याच कामासाठी. म्हणजे "बुकिंगच्या पैशातून रस्ते करू, आणि उरलेल्यात लग्न" हे गणित आता बसत नाही. कामाचे पैसे आधी उभे करा, नाहीतर दोन टप्प्यांत करा, पहिला टप्पा पांधणीकडून. आयकरासाठी सी.ए. गाठा, आणि तो प्लॉट पाडायच्या आधी. शेतजमीन म्हणून विकताना, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावाच्या हद्दीपासून २ किलोमीटरपलीकडे असाल तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तुम्ही आत आहात, आणि प्लॉट पाडून विकणं हा तर धंदा धरला जाऊ शकतो.

दलालाशी भागीदारी करायचीच असेल तर करा, सगळेच वाईट नसतात. पण त्याला सरसकट आममुखत्यारपत्र देऊ नका. सही करायचा अधिकार द्या तो मंजुरीच्या कामांपुरता. विक्रीच्या प्रत्येक कागदावर घरच्यांच्या सह्या राहू द्या. तो "एवढा अविश्वास?" म्हणाला, तर चहा पाजा आणि विषय बदला.

बाकी, घाई नको. यंदा पेरणी करा. पहिला मोठा पाऊस पडला की गमबूट घालून वडिलांना घेऊन धुऱ्यावर जा, पाऊस चालू असतानाच. पाणी कुठून शिरतं, कुठे पसरतं, कुठून निघतं, फोनवर सलग चित्रीकरण करा. जिथपर्यंत पाणी चढलं तिथे बांबू रोवा आणि त्याला चिंधी बांधा. मग त्या बांबूंची मोजणी करायला माणूस बोलवा. नकाशाची पहिली रेघ तिथून निघेल.